शनिवारची रात्र, कुलाबा आणि पहिली लोकल : ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा

जुना नौपाडेकर

गेल्या महिन्यात एका मित्राकडे बसलो होतो. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. बोलता बोलता वाद सुरू झाला, की शनिवारी रात्री कुलाब्याहून परतताना व्हीटीला आपण पहिल्या गाडीच्या कुठल्या डब्यात बसायचो. तो म्हणाला मागून चौथा, मी म्हटलं तिसरा. निकाल लागला नाही, कारण ज्याला विचारायचं तो आमच्यातला तिसरा आता या जगात नाही. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना. अजून पंधरा वर्षांनी हे सांगायला कोण उरणार? फोटो तर नाहीतच. त्या जागेत कॅमेरा काढायची कुणाची छाती नव्हती, आणि काढला असता तर बाकीच्यांनी तो हिसकावून घेतला असता. म्हणून हा धागा.

जागा म्हणजे कुलाब्यात रेडिओ क्लबजवळचा व्हूडू. नव्या मुलांसाठी थोडं सांगतो. सत्तरच्या दशकात तिथे स्लिप डिस्क नावाचा डिस्को होता. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, तेव्हा ते त्याच चिमुकल्या जागेत वाजवून-गाऊन गेले. पुढे त्याचा व्हूडू झाला आणि नव्वदच्या दशकापासून तिथली शनिवारची रात्र आपली झाली. 'आपली' म्हणजे समलिंगी पुरुषांची. त्याच्याही आधीची पिढी ताजच्या मागे, बडेमियाँच्या गल्लीतल्या गोकुळमध्ये संध्याकाळी जमायची. तिथे नाच नव्हता. टेबलं, बीअर आणि नजरानजर. नाचायला मिळालं ते व्हूडूत.

कलम ३७७ तेव्हा जिवंत होतं. १८६० च्या दंडसंहितेतलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ते कलम, शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. नाचणं काही त्या कलमात बसत नव्हतं, पण भीती कुठे कलम वाचून येते? ती सगळ्यालाच लागलेली असायची. बॉम्बे दोस्त हे आपल्या लोकांचं नियतकालिक १९९० मध्ये सुरू झालं होतं, आपल्यासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ मध्ये. माझ्यापर्यंत ही नावं पोचायला आणखी दोन-तीन वर्षं गेली.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. टॅक्सीचे पैसे वाचवायला व्हीटीपासून चालत निघालो. फोर्ट, रीगल, मग कॉजवे. दार दिसलं आणि पाय थांबले. समोर समुद्राच्या कठड्याला टेकून तासभर उभा होतो. आत जाणारी माणसं मोजत होतो. एक जण आमच्या बँकेतल्या हेडक्लार्कसारखा दिसला, टक्कल, हातात कापडी पिशवी. एक चक्क शबनम लावून आलेला. मला वाटलं होतं की तिथे जाणारी माणसं कुणीतरी वेगळी दिसत असतील. तासाभराने मी परत फिरलो आणि शेवटची गाडी पकडून घरी गेलो.

पुढच्या शनिवारी आत गेलो. अंधार, उकाडा, सिगारेटचा धूर, आणि एवढ्याशा जागेत इतके पुरुष की घाम कुणाचा हे कळू नये. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तो पिशवीवाला गृहस्थ मधोमध, डोळे मिटून नाचत होता. पिशवी त्याने बारच्या काउंटरवर ठेवली होती. नाच संपल्यावर घाम पुसायला त्याने तिच्यातून पंचा काढला. चौकडीचा, लाल काठाचा, घरी आंघोळीला वापरतात तसा. तो पंचा बघितला आणि माझी भीती गेली. का गेली ते आजही नीट सांगता येत नाही.

दीडला बंद. आणि मग आमचा, म्हणजे लांबच्या लोकांचा, खरा क्लब सुरू व्हायचा. वांद्रे-खारवाले टॅक्सी करून निघून जायचे. ठाणे, कळवा, डोंबिवली, वाशी, पनवेल ही मंडळी चालत व्हीटीला. वाटेत सायकलवरचा चहा, भुर्जी-पाव. स्टेशनात पहाटे पेपरांचे गठ्ठे उतरायला लागायचे, त्यांच्या आडोशाला आम्ही बसायचो. आत गाण्याच्या आवाजात कुणाशी बोलता यायचं नाही. बोलणं सगळं तिथे, पहिली गाडी लागेपर्यंत. कुणाचं लग्न ठरवतायत, कुणाला नोकरीवरून काढलंय, कुणाला कसल्या तपासणीची भीती वाटतेय. मी आयुष्यात जे काही मनापासून बोललो, त्यातलं बरंचसं त्या बाकांवर बोललो.

तो क्लब आता नाही. तुमच्या आठवणी लिहा. व्हूडूच पाहिजे असं नाही. दुसऱ्या पार्ट्या, दुसरी शहरं, काहीही चालेल. दोनच विनंत्या. दुसऱ्या कुणाचं नाव, ऑफिस, सोसायटी लिहू नका. आणि 'तेव्हा काय मजा होती' एवढ्यावर थांबू नका, काय पाहिलंत ते लिहा.

हार्बरवाला, नेरूळ

दादा, पंच्याचं वाचून थांबलो थोडा वेळ. मी २००२ मध्ये जायला लागलो, तेव्हा असा पंचावाला कुणी पाहिला नाही. पण भिंतीला पाठ लावून उभे राहणारे पुष्कळ.

माझं सांगतो. मी नेरूळचा, तो वर्तकनगरचा. दोघांच्या घरांमध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, आणि भेटलो कुठे तर कुलाब्याला. शनिवारी भेट व्हायची, पण आठवडाभर काय? ठाण्याहून वाशीला तेव्हा लोकल नव्हती. एक तर कुर्ल्याला गाडी बदलायची, नाही तर बेलापूर रोडने बसमध्ये दीड तास धक्के खात जायचं. आम्ही दोघंही नोकरीवाले. बुधवारी संध्याकाळी तो ऐरोलीपर्यंत यायचा, मी ऐरोलीपर्यंत जायचो, वीस मिनिटं पुलाच्या बाजूला उभं राहायचं आणि आपापल्या बसने परत.

२००४ मध्ये ठाणे-तुर्भे मार्ग सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात आम्ही काही काम नसताना ठाणे ते वाशी जाऊन आलो. डबे रिकामे असायचे. ठाणे सुटलं की थेट ऐरोली, मध्ये स्टेशन नाही. म्हणजे सात-आठ मिनिटं कुणी चढणार नाही, उतरणार नाही. तेवढ्यात तो हात धरायचा. बॅग मांडीवर आणि बॅगेखाली हात. ऐरोलीचा प्लॅटफॉर्म दिसला की सोडायचा. कितीतरी वर्षं हेच.

२०२४ च्या जानेवारीत मध्ये दिघा गाव स्टेशन झालं. आम्ही दोघं एका रविवारी मुद्दाम तिथे उतरलो. बाकावर बसलो, दोन गाड्या जाऊ दिल्या.

आता एकत्र राहतो, बावीस वर्षं झाली ओळखीला. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्या लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं, त्या दिवशी तो दवाखान्यात होता, ॲपेंडिक्सचं ऑपरेशन. फॉर्मवर सही करायला गेलो तर विचारलं, नातं काय? मी 'मित्र' म्हटलं. म्हणाले, मित्राची सही चालत नाही, घरचं कुणी बोलवा. त्याच्या बहिणीला कल्याणहून येईपर्यंत दोन तास लागले. बाहेर टीव्हीवर निकालाचीच बातमी चालली होती.

कोपरी

थोडक्यात लिहितो, जास्त लिहवत नाही. १९९९. बंद झाल्यावर एकटाच निघालो होतो, ती चूक. कोपऱ्यावर दोघांनी गाठलं. आपण पोलीस आहोत म्हणाले. होते की नव्हते, देव जाणे. "कुठून आलास ते माहितीये, घरी फोन लावू का?" घड्याळ दिलं, पाकीट दिलं, पास तेवढा परत मागून घेतला. घड्याळ दहावी पास झालो म्हणून आजोबांनी दिलेलं होतं. घरी सांगितलं, गर्दीत गेलं. आजोबांनी दुसरं घेऊन दिलं. ते मी कधी घातलं नाही.

जुना नौपाडेकर

@कोपरी, म्हणूनच आम्ही नंतर घोळक्याने निघायचो. 'व्हीटी, व्हीटी' अशी दारात हाक द्यायची पद्धत पडली होती, शेअर टॅक्सीवाले देतात तशी. तुमच्या वेळी आम्ही तिथे असायला हवे होतो.

कळव्याची

धागा मनापासून वाचला आणि म्हणूनच एक सांगते. हा इतिहास पुरुषांचा आहे. दारात आम्हाला कुणी अडवलं नसतं कदाचित, पण रात्री दीडला बाहेर पडून पहाटेपर्यंत व्हीटीच्या बाकावर बसायची मुभा मुलीला कोण देणार होतं? शेवटच्या गाडीच्या लेडीज डब्यात पोलीस असतो. पण स्टेशनपासून घरापर्यंत काय? आणि मुळात रात्री घराबाहेर राहायला कारण काय सांगायचं? मुलगे 'मित्राकडे झोपतो' म्हणून निघू शकत होते.

आमची जागा म्हणजे कळव्यात एका मैत्रिणीची खोली. ती नोकरी करायची, एकटी राहायची, त्यावरूनही चाळीत बोललं जायचं. महिन्यातून एका रविवारी, दुपारी बारा ते पाच. घरी सांगायचं, भिशी आहे. भिशीला कोण नाही म्हणतं! आणि ती भिशी आम्ही खरोखर चालवली, कारण खोटं बोलायचं तर पैशाचा हिशोब दाखवता आला पाहिजे ना. अकरा जणी, दर महिना दोनशे. टेपरेकॉर्डर कॉटखाली ठेवायचा म्हणजे आवाज फार बाहेर जात नाही. पडदे लावून त्या उकाड्यात नाचायचं. मध्येच शेजारच्या काकू पीठ मागायला आल्या, तर सगळ्या मटकन खाली बसून पत्ते हातात घ्यायच्या.

चौथ्या की पाचव्या महिन्यात आमच्यातल्या एकीला घरच्यांनी मारलं, कोंडलं. ती कशीबशी निघून आली. तिला खोली भाड्याने घ्यायची होती, डिपॉझिट नव्हतं. चिठ्ठी त्या महिन्यात माझ्या नावाची निघाली होती. चिठ्ठी घडी करून परत डब्यात टाकली आणि पैसे तिला दिले. पुढच्या महिन्यात जिची निघाली तिनेही तसंच केलं.

मुंबईत १९९५ मध्ये समलिंगी बायकांची स्त्री संगम ही संघटना सुरू झाली होती, पुढे तिचंच नाव लेबिया झालं. त्यांच्या बैठकांपर्यंत आम्ही नंतर पोचलो. पण त्याआधी आमच्याकडे होती ती भिशी. नाइटक्लबचा इतिहास लिहिताना या खोल्यांचा लिहा. त्यांना ना पाटी होती, ना डीजे.

जुना नौपाडेकर

ताई, तुमचं शंभर टक्के खरं. मी धाग्याचं नाव देताना हा विचार केला नव्हता. त्या खोलीबद्दल अजून लिहाल का?

मुंब्र्याहून

मी हमसफरसाठी काही वर्षं काम केलं. वाकोल्याच्या महापालिकेच्या इमारतीतलं केंद्र आठवत असेल इथल्या कुणाकुणाला. शनिवारी आम्ही कंडोम आणि माहितीपत्रकं घेऊन फिरायचो. क्लबबाहेर, समुद्राकाठी, स्टेशनांवर. लोक पत्रक घ्यायचे आणि चार पावलांवर टाकून द्यायचे, कारण ते घरी सापडलं तर? मग आम्ही पत्रक लहान केलं, बसच्या तिकिटाएवढं. ते पाकिटात मावायचं.

वर ज्यांनी लिहिलंय 'तिसरा आता या जगात नाही', त्यांचं मला माहीत नाही. पण माझ्या ओळखीतले त्या शनिवारांतले सात जण गेले. त्यातला एक ठाण्याचा, अतिशय देखणा, शिट्टी वाजवण्यात पटाईत. २००३ च्या पावसाळ्यात गेला. एचआयव्हीवरची औषधं तेव्हा होती, पण विकत. महिन्याचा खर्च त्याच्या पगाराहून जास्त. घरी टीबी सांगितलं होतं. सरकारी केंद्रांतून ती औषधं फुकट मिळायला लागली १ एप्रिल २००४ पासून, मुंबईत जेजे रुग्णालयात. नऊ-दहा महिन्यांचा फरक.

तो गेला त्या शनिवारी मी व्हूडूत गेलो. डीजेला सांगितलं, अमुक एक गाणं लाव. कारण विचारलं तर सांगितलं. त्याने लावलं. फ्लोअरवरच्या कितीजणांना माहीत होतं कुणास ठाऊक, पण दोन-तीन कोपऱ्यांतून शिट्ट्या आल्या. त्याच्यासारख्या, दोन बोटं घालून.

एक आई, पाचपाखाडी

माझ्या मुलाने हे मला वाचायला दिलं. टाइप तोच करतोय, शब्द माझे आहेत. मी सत्तरीची.

आमचे हे वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत फिटर होते. मुलगाही पुढे दुसऱ्या कंपनीत लागला. तो सांगायचा, शनिवारी ओव्हरटाइम आहे, रविवारी सकाळी येईन. मला काय कळतंय? मी म्हणायचे, दमतो हो पोर. पण ह्यांची सगळी हयात तीन पाळ्यांत गेलेली. एकदा ह्यांनी त्याची पगाराची स्लिप पाहिली. ओव्हरटाइमचा रकाना कोरा. त्याला काही बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, "बाईचं प्रकरण असतं तर पोरगा खुश दिसला असता. हा घाबरलेला असतो. काहीतरी वेगळं आहे."

दीड वर्ष आम्ही दोघं गप्प. तो स्थळांना नाही म्हणत गेला. मग एका दिवाळीत, फराळाचे डबे भरताना, त्याने मलाच सांगितलं. माझ्या हातात चकल्यांचा डबा होता, मी झाकण लावत होते, ते लागेचना. मी काही चांगलं वागले नाही तेव्हा. चार दिवस बोलले नाही, ज्योतिषाकडे जाऊन आले. ते इथे लिहिते, कारण आयांनी वाचलं तर त्यांना कळावं, की असं माझंही झालं होतं.

गे बॉम्बे म्हणून १९९८ पासून त्यांचा एक गट आहे, ते पालकांच्या बैठका घेत. त्याने खूप विनवलं म्हणून गेलो. तिथे एक गुजराती बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी काही उपदेश केला नाही. मला म्हणाल्या, "तुमचा मुलगा जेवतो का नीट?" मला रडूच आलं, कारण तो त्या दिवसांत जेवत नव्हता.

हे परत येताना गाडीत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मुलाला विचारलं, "शनिवारी जातोस तिथे खायला मिळतं का?" तो म्हणाला, "महाग असतं बाबा." त्या शनिवारी ह्यांनी स्वतः माझ्याकडून डबा भरून घेतला. सहा पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. मी म्हटलं, "सहा कशाला?" तर म्हणाले, "एकटा असतो का तो? पाळीवर कुणी एकटं जेवत नाही."

हे जाऊन आता नऊ वर्षं झाली.

जुना नौपाडेकर

काकू, नमस्कार. आमच्या घोळक्यातही डबा आणणारा एक जण होता. त्याचे वडील देतात म्हणायचा आणि आमचा विश्वास बसायचा नाही. तो तुमचाच मुलगा होता असं म्हणत नाही, ठाण्याची मुलं पुष्कळ होती. पण पहाटे तीनला व्हीटीवर घरची पोळी काय लागायची, ते तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिलं.

ऐरोलीकर

मी आयटीत. मुंबईत असताना यातलं काहीच केलं नाही, हिंमत नव्हती. २०१२ मध्ये कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोला पाठवलं. कॅस्ट्रो भागात मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ट्विन पीक्स नावाचा बार आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना रस्त्याकडे मोठमोठ्या स्वच्छ काचा. १९७२ मध्ये दोन मैत्रिणींनी तो घेतला आणि या काचा बसवल्या. तोपर्यंत आपल्या लोकांच्या बारच्या खिडक्या रंगवलेल्या, झाकलेल्या असायच्या, आत कोण आहे हे रस्त्यावरून दिसू नये म्हणून. मी आत गेलो तेव्हा काचेलगतच्या टेबलांवर सगळे म्हातारे बसलेले. साठी-सत्तरीचे, रस्त्यावरची रहदारी बघत, अगदी आपल्याकडे गडकरी रंगायतनसमोर तलावपाळीला बसतात तसे. समलिंगी माणूस म्हातारा होतो, हे मी तोपर्यंत पाहिलंच नव्हतं.

तिथलाच द स्टड हा क्लब १९६६ चा. भाडं परवडेना तेव्हा तिथल्या कलाकारांनी आणि कामगारांनी मिळून सहकारी तत्त्वावर तो चालवायला घेतला. कोविडमध्ये २०२० ला जागा सोडावी लागली, पण २०२४ मध्ये दुसऱ्या जागेत पुन्हा उघडला. आणि लंडनमधली रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न सरकारने २०१५ मध्ये वारसा यादीत घातली, तिथल्या समलिंगी इतिहासासाठी. आपण ठाण्यात कौपिनेश्वराचा, मासुंद्याचा इतिहास किती प्रेमाने सांगतो. कुलाब्यातल्या त्या दाराचाही असाच सांगावा असं मला वाटतं. सहकाराचं तर आपल्याला कुणी शिकवायला नको.

तुर्भ्याची

मी ट्रान्स आहे. वरचे अनुभव वाचून आनंदही होतोय आणि थोडं दुखतंयसुद्धा. मी त्या काळात मुलगा म्हणून जायचे तेव्हा मला आत घ्यायचे. केस वाढवले, साडी नेसायला लागले, आणि एका पार्टीच्या दारावर (कुठल्या ते सांगत नाही, आणि ती पार्टी आपल्याच लोकांची होती) मला सांगण्यात आलं की आज जागा नाही. माझ्या मागे उभे असलेले चौघे आत गेले.

१५ एप्रिल २०१४ ला ट्रान्स लोकांच्या हक्कांचा नालसा खटल्याचा निकाल आला, आपलं लिंग आपण सांगायचं हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. त्याआधी चार महिनेच, ११ डिसेंबर २०१३ ला, त्याच न्यायालयाने, दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आपल्यापुरतं काढलेलं ३७७ परत आणलं होतं. म्हणजे कागदावर मी बाई म्हणून मान्य आणि माझं प्रेम मात्र गुन्हा. हे वकिलांना समजत असेल, मला काही समजलं नाही.

२०१८ नंतर अंधेरीच्या ललित हॉटेलातल्या किटी सू या नाइटक्लबला गेले. ड्रॅगचा, म्हणजे बायकांचा वेश करून नाचगाण्याचा कार्यक्रम होता. ज्यांचं ते हॉटेल, त्या केशव सुरींनीही ३७७ विरुद्ध याचिका केली होती. दारावर मुलीने "वेलकम मॅम" म्हटलं. महागडी जागा, एक ग्लास घेऊन रात्र काढली. पण त्या 'मॅम'साठी तुर्भ्याहून गेले होते. परतीच्या रिक्षावाल्याने ठाणे-बेलापूर रोडवर विचारलं, "ताई, पार्टीला गेलेलात का?" सहजच. मी हो म्हटलं.

हार्बरवाला, नेरूळ

ताई, ज्या पार्टीत तुम्हाला थांबवलं, तिथे मी आत असू शकतो. असेनही. आम्ही तेव्हा दाराकडे वळून बघत नव्हतो.

तुर्भ्याची

हे लिहिलंत, बरं केलंत.

घणसोलीचा

मी चोवीसचा. सगळं एका बैठकीत वाचलं. ६ सप्टेंबर २०१८ ला मी अकरावीत होतो, क्लासमध्ये मागच्या बाकावर फोनवर ३७७ मधून आपली सुटका करणारा निकाल वाचला आणि सर ओरडले. मला माणसं ॲपवर मिळतात. सीवूड्सच्या मॉलमध्ये कॉफी प्यायली जाते, एखाद्याशी चांगलं जमतं, मग तो ब्लॉक करतो. पण दोनशे आपल्यासारखी माणसं एका जागी मी कधी पाहिली नाहीत. आपल्या लोकांच्या प्राइड मिरवणुकीलाही गेलो नाही, टीव्हीवर दिसेन म्हणून. तुम्ही गेला होता का कुणी? आणि दुसरं विचारायचं होतं. मला नाचता येत नाही. तिथे नुसते उभे राहणारे पण असायचे का?

मुंब्र्याहून

मिरवणुकीचं मी सांगतो. १६ ऑगस्ट २००८, ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटी. पहिलीच क्वीअर आझादी. खूपजण मुखवटे लावून आले होते, मीही. कागदाचा होता, पावसाने भिजला आणि नाकापाशी फाटला. ग्रँट रोडच्या आसपास कधीतरी मी तो काढून खिशात घातला. चौपाटीपर्यंत तसाच चाललो. पुढच्या वर्षी २ जुलैला ३७७ आपल्यापुरतं काढून टाकणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यानंतर मुखवटे कमी होत गेले. तू मुखवटा लावून ये. कुणी काही म्हणणार नाही.

जुना नौपाडेकर

@घणसोलीचा, उभे राहणारे असायचे. मी स्वतः दोन महिने भिंतीपाशी उभा होतो. मग त्या पंचावाल्याने एकदा पिशवी माझ्या हातात दिली, "जरा धर रे," म्हणून. पुढे दर शनिवारी मी ती धरायला लागलो. आणि एक दिवस ती काउंटरवर ठेवून त्याने मला हाताला धरून आत ओढलं. मला आजही नीट नाचता येत नाही.

ठाण्यात आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. कळव्याच्या ताई, तुम्हीही या, तुमच्या भिशीवाल्यांना घेऊन. तुर्भ्याच्या ताई, तुम्हीपण. टेपरेकॉर्डर कॉटखाली ठेवायची गरज नाही. खासगी निरोप पाठवा, पत्ता कळवतो.

कळव्याची

येते. आमच्यातल्या चौघी अजून ठाण्यातच आहेत. भिशीची वही माझ्याकडे आहे, ती आणते.

एक आई, पाचपाखाडी

मुलगा विचारतोय, त्या डब्याचा वाद मिटला का? तो म्हणतो मागून तिसरा. ठाण्याला उतरलं की जिना बरोबर समोर यायचा, आणि रिकामा डबा वाजू नये म्हणून तो हातरुमालात बांधायचा.